कोजागरीनंतरचे तीन दिवस: वाई-मेणवली की रतनवाडी?

दसरा-दिवाळीच्या मधल्या पंधरवड्यात पुण्याहून दोन रात्री बाहेर पडायचं. डोंगर हवेत, गाव हवं, बघायला एखादं जुनं देऊळ हवं आणि सोबत पंचाहत्तरीचे वडील असल्यामुळे गडाची चढण नको. एवढ्याच मागणीवर आम्ही एका वर्षी वाईला गेलो, दुसऱ्या वर्षी भंडारदऱ्याच्या पलीकडे रतनवाडीला. यंदा मित्राने विचारलं, कुठे जाऊ? त्याला फोनवर सांगितलं ते इथे जरा सविस्तर.

कासची फुलं हेच निमित्त असेल तर प्रश्नच मिटला. सप्टेंबरात बुकिंग करा आणि साताऱ्याकडे जा. कोजागरीपर्यंत पठारावर फारसं काही उरत नाही. गर्दी मात्र उरते.

सोय बघाल तर वाईला तोड नाही. रस्ता चांगला, दोन तासांत पोहोचता, राहायला हवं तसं मिळतं, दवाखाना हाताशी. ढोल्या गणपती, मेणवली, धोम सगळं एकाच टापूत. ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागे जाऊन नक्की उभे राहा. १७६२ सालचं, पेशव्यांच्या रास्ते सरदारांचं हे बांधकाम, मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, कृष्णेचा पूर दोन्ही अंगांनी फाकून जावा म्हणून. धोमला कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय. वडिलांच्या गुडघ्यांना मतदान करता आलं असतं, तर वाई बिनविरोध निवडून आली असती.

रतनवाडीचं तसं नाही. पुण्याहून निघून राजूरमार्गे भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावी पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. शेंडीपासून जलाशयाला वळसा घालत पुढे वीसेक किलोमीटर, आणि आमच्या वेळी पावसाने उखडलेला रस्ता अजून बुजवायचा होता. कुठे फोनला रेंज, कुठे नाही. ज्या घरी उतरलो तिथल्या मावशींनी चहाच्या आधी विचारलं, "दादा, रात्री किती जण जेवणार ते आत्ताच सांगा. मागून काही लागलं तर बाजार राजूरला." रात्री भाकरी नागलीची, सोबत ठेचा आणि पातळ आमटी. ज्यांना जेवणात निवड लागते त्यांनी वाईच गाठावी, हे मनापासून सांगतोय.

मग माझा काटा रतनवाडीकडे का झुकतो? मेणवलीच्या घाटावरच्या एका सकाळीमुळे.

नाना फडणविसांचा वाडा बघून आम्ही घाटावर उतरलो. वडिलांना तिथली घंटा बघायची होती. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आणलेली ही पोर्तुगीज घंटा, अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल, आणि टांगलीय शंकराच्या देवळापाशी. ती बघून झाल्यावर वडील पायरीवर टेकले. पाच मिनिटांत लग्नाआधीचे फोटो काढायला एका जोडप्यासोबत कॅमेरावाला एक मुलगा आला. "काका, फ्रेममध्ये येताय, जरा पलीकडे बसता का?" बसलो पलीकडे. तिथे दुसरं जोडपं आलं, नवरीच्या झग्याचा चार-पाच हातांचा घोळ पायऱ्यांवर पसरायचा होता. पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा गुलाबी धूर सोडला, वडिलांना खोकला सुटला आणि डोक्यावर ड्रोन घोंघावू लागला. खालच्या पायरीवर कपडे धुणाऱ्या बाई म्हणाल्या, "आम्हाला रोजच उठवत्यात." त्यांच्या हातातलं लुगडं अर्धं पिळून तसंच राहिलं होतं.

मुलं उद्धट नव्हती. लग्न ठरलेलं, फोटो हवेत, घाट सुंदर. हिंदी सिनेमावाल्यांनीही त्याचा मनसोक्त वापर केलाय. पण जिथे नुसतं बसायला म्हणून गेलो, तिथून तीनदा उठवलं गेल्यावर माझं मन उडालं ते उडालंच. सुट्टीचा वार टाळायचा होता, असं कुणी म्हणेल. आम्ही गेलो तो बुधवार होता. शनिवारी गर्दी असते म्हणून फोटोवाले बुधवारी येतात, हे नंतर कळलं.

भंडारदऱ्याला उलटा हिशोब. तिथला उपद्रव शनिवारचा. जलाशयाच्या काठाने तंबू लागतात, रात्री स्पीकर सुरू होतो. पाण्यावरून गाणं ऐकू येत नाही, नुसता धप धप ठोका येतो. आमची पहिली रात्र अशीच गेली. रविवारी दुपारी तंबू रिकामे झाले, आणि पुढची रात्र म्हणजे फक्त किडे आणि कुठेतरी लांब भुंकणारं कुत्रं.

सोमवारी सकाळी अमृतेश्वराच्या देवळात आम्ही दोघंच. शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ पायथ्यापासून शिखरापर्यंत कोरलेलं, मागे रतनगड. वडील तासभर एकाच भिंतीसमोर होते. एकदा उठले ते ऊन आलं म्हणून. मग पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसले, कोनाड्यातल्या विष्णूच्या मूर्ती बघत. कुणी म्हटलं नाही, सरका.

आणखी एक, हे थोडं माझ्या आवडीचं. वाईत मेणवली-धोमला इतिहास पेशवाईचा, तोही मोठ्या माणसांचा. रतनवाडी ज्या अकोले तालुक्यात येते, तिथे हिंडताना वेगळी नावं निघतात. इंग्रजांविरुद्ध बंड करून १८४८ मध्ये ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच मुलखातल्या देवगावचे. गावरान बियाण्यांची बँक उभी करणाऱ्या राहीबाई पोपेरे कोंभाळण्याच्या, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. भात पिकून पिवळा झालेला असतो, काही खाचरांत कापणीही लागलेली असते, आणि संध्याकाळी सगळ्या दरीला त्या पेंढ्याचा वास येतो. दुपारी ऑक्टोबरचं ऊन दोन्हीकडे चटकतं, पण रतनवाडीला रात्री गोधडी घ्यावी लागली.

लहान मुलं किंवा गोळ्यांच्या वेळा सांभाळणारं कुणी सोबत असेल तर मी तरी वाईच सुचवीन. मेणवलीला सकाळी सातच्या आत पोहोचलात तर तुमचा अनुभव कदाचित माझ्यापेक्षा बरा निघेल. रतनवाडी ठरवलीत तर रविवारी दुपारी पोहोचा, मंगळवारी निघा, पेट्रोल वाटेतच भरून घ्या, आणि किती जण जेवणार ते घरूनच मोजून जा. आम्ही यंदा तिघं आहोत, मावशींना कळवून झालंय.