ट्रॅव्हिस ऐकायचाय: 'द मॅन हू' की 'द इनव्हिजिबल बँड'?

एका मित्राला संथ, सुरेल ब्रिटिश रॉक हवाय आणि तो ट्रॅव्हिसच्या या दोन अल्बमांत अडकलाय. ग्लासगोचा हा बँड कोल्डप्लेच्या आधी याच वाटेने गेला. नाव मात्र कोल्डप्लेचं झालं. दोन्ही अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले होते, त्यामुळे खपावरून काहीच ठरत नाही.

मूड: 'द मॅन हू' (१९९९) उदास आहे. 'व्हाय डझ इट ऑल्वेज रेन ऑन मी?'ची चाल सहज ओठांवर बसते, शब्द मात्र रडवेले. फ्रॅन हीलीचा आवाज वरच्या पट्टीत चिरकेल असं वाटतं आणि नेमका तिथेच तो जिंकतो. 'द इनव्हिजिबल बँड'मध्ये (२००१) ऊन पडलंय: 'सिंग'मध्ये बँजो वाजतो, 'फ्लॉवर्स इन द विंडो' तर सरळसरळ सुखी माणसाचं गाणं.

ध्वनी: दोन्हीकडे मुख्य निर्माता (प्रोड्यूसर) नायजेल गॉड्रिच, त्यामुळे सफाईत फारसा फरक नाही.

टिकाऊपणा: इथे माझं मत पक्कं आहे. 'द मॅन हू'ची दुसरी बाजू पहिल्यांदा एकसुरी वाटते, पण हळूहळू मुरते. शेवटच्या 'स्लाइड शो'नंतर मोठी शांतता आणि मग सीडीवर लपवलेलं 'ब्लू फ्लॅशिंग लाइट' अंगावर येतं. दुसऱ्या अल्बमचा उत्तरार्ध मला आजही आठवत नाही.

रात्री एकट्याने, हेडफोन लावून ऐकणार असाल तर 'द मॅन हू' घ्या. गाडीत, घरच्यांसोबत लावायला 'द इनव्हिजिबल बँड' बरा. कुणी बंद कर म्हणणार नाही.