३० रुपयांचं सील आणि १०,७०० रुपयांचं ‘इंजिन काम’

एकूण १०,७०० रुपये गेले. ३,००० फोनवरून, ७,७०० रोख. गाडीला खरं लागत होतं गिअर शाफ्टचं ऑइल सील, म्हणजे तेल गळू नये म्हणून बसवलेली रबराची बारीक रिंग. किंमत ३० रुपये.

गाडी २००६ ची स्प्लेंडर, आण्णांनी घेतलेली. या पावसाळ्यानंतर पार्किंगच्या फरशीवर डाव्या बाजूला, गिअरच्या दांड्याखाली, काळा डाग पडायला लागला. खाली ठेवलेला पुठ्ठा चार दिवसांत भिजायचा. माझी कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट, आमचे नेहमीचे मिस्त्री गावी गेलेले, म्हणून जाता-येता दिसणाऱ्या एका गॅरेजात दाखवली. घाई केली, मान्य आहे. पण ऑइल संपत आलेली गाडी तशीच पळवली तर इंजिन जाम होतं, आणि कामावर तर रोज जायचंच होतं.

त्यानं खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. “साहेब, हेडमधनं येतंय. वरनं ओघळून खाली साठतंय. हाफ इंजिन खोलायला लागतंय.” मी म्हटलं, धूर तर अजिबात नाही. “आज नाही. दोन म्हैने थांबा, मग बघा.” तेवढ्यात त्याचा पोरगा मला चहाला घेऊन गेला. परत आलो तर हेडवरून ताजं तेल ओघळत होतं, जिथं त्याच सकाळी मी स्वतः फडकं मारलं होतं. ते बघून मी घाबरलो आणि तिथंच ३,००० ॲडव्हान्स पाठवला. पैसे ज्या नावावर गेले ते नाव गॅरेजच्या बोर्डावर नव्हतं. गाडी मिस्त्र्याच्या हवाली करून चहाला जाऊ नका. कुणी कितीही आग्रह करू दे.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. त्यानं माझ्या हातात एक पिस्टन दिला. बाजूला ओरखडे, वर कार्बनचा थर. “हा बघा तुमचा.” मी अंगठ्यानं कार्बन घासला तर खाली आकडा होता: ०.५०.

ओव्हरसाइज पिस्टन, मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा. ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो भाग; हा पिस्टन आतून कातून (बोरिंग करून) आधीच मोठ्या केलेल्या ब्लॉकमधला. आमच्या गाडीचा ब्लॉक इतक्या वर्षांत एकदाही बोरिंगला गेलेला नाही. आण्णांच्या वहीत प्रत्येक कामाची नोंद आहे. मी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, काम करतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती हे मला कुणी शिकवायला नको. तो आकडा मी नीट वाचला आणि पिस्टन मुकाट्यानं परत दिला. त्या क्षणी “हा माझा नाही” एवढे तीन शब्द तोंडातून निघाले असते तर नुकसान ३,००० वर थांबलं असतं. रात्री झोपताना अजून तो आकडा डोळ्यांसमोर येतो. पण समोर गाडी टाकी काढून ठेवलेली, इंजिनवर गोणपाट टाकलेलं, आणि तो म्हणतोय, ब्लॉक बोरिंगला गेलाय. अशी अर्धवट खोललेली गाडी घेऊन माणूस जाणार कुठं? गोणपाट उचलून बघायचं मात्र मला सुचलं नाही.

हिशोब असा: पिस्टन किट ३,४००, क्लच प्लेटा ८५०, टायमिंग चेन ९००, गॅस्केट सेट ४५०, ऑइल ४००, बोरिंग १,२००, मजुरी ३,५००. उरलेले ७,७०० त्यानं रोखच मागितले. म्हणे फोनची लिमिट संपली. बिल साध्या पॅडच्या कागदावर, ना नाव, ना सही. सुट्या भागांची खोकी मागितली तर “कचऱ्यात गेली.” खोकी आणि जुने भाग हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

नवव्या दिवशी डाग परत आला.

तोवर आमचे मिस्त्री आले होते. त्यांनी इंजिन रॉकेलनं धुतलं, कोरडं केलं, त्यावर अंगाला लावायची पावडर मारली आणि गाडी दहा मिनिटं चालू ठेवली. पांढऱ्या पावडरीवर एकच ओली रेघ उमटली, गिअर शाफ्टपाशी. हेडकडे कोरडं ठणठणीत. हे घरी कुणालाही करता येतं, आधी हेच करा. गॅस्केटची कड दाखवून ते म्हणाले, “हेड खोललेलंच नाही हो. कड जुनीच आहे, काळी पडलेली.” शाफ्टभोवती बाहेरून नुसतं सिलिकॉन थापलं होतं. सील ३०, मजुरी १५०, अर्धा तास. इंजिन खोलायची गरजच नव्हती.

गॅरेजवाला म्हणाला, “बिलावर गॅरंटी लिहिलीय का?” चौकीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी ऐकून घेतलं आणि सांगितलं, हा पैशाचा वाद, कोर्टात जा. मी म्हटलं, न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. त्यावर “तुम्ही वकील आहात का?” अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर उद्या या. उद्या गेलो तर ते हवालदार रजेवर, आणि अर्ज कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही! तक्रारीसाठी एका हेल्पलाइनला तीनदा फोन केला, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी मेसेज आला, तक्रार निकाली. कुणी निकाली काढली, कशी, काही नाही. दोन अर्ध्या रजा गेल्या, त्यांचा पगार कापला. लुटणारा रोज सकाळी शटर उघडतो आणि लुटला गेलेला कागद घेऊन दारोदार फिरतो. ५०० ची पावती फाडायची असली की यांना आमची गाडी लांबून दिसते.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. तिथं अर्ज भरलाय. चौकीत अर्ज द्याल तर दोन प्रती न्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. माझ्याकडे ३,००० चा पुरावा आहे, ७,७०० चा नाही. आण्णांनी वहीत लिहायला खर्चाचा आकडा विचारला. मी १८० सांगितला.