सिव्हिलमधलं सुरक्षा क्लिनिक, तांबी बसवलेल्या बायकांनी तर नक्की वाचा

धाकटीच्या वेळी तांबी बसवून घेतली तेव्हापासून मी एकदम निर्धास्त होते, आता कशाचंच टेन्शन नाही असंच डोक्यात होतं. मग अंगावरून पिवळट जायला लागलं, वास यायचा, लघवीला जळजळ. लाजेपोटी मेडिकलवाल्याला विचारून दोनदा गोळ्या आणल्या, चार दिवस बरं वाटायचं की परत तेच. शेवटी नणंद म्हणाली सिव्हिलला गुप्तरोग तपासायचं सुरक्षा क्लिनिक असतं तिथे जा, म्हणून गेले.

डॉक्टर मॅडमनी नीट आतून तपासलं, एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट केली आणि राखाडी किट दिलं, सगळं फुकट. त्या किटमधल्या गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या असतात आणि नवऱ्यालाही द्यायच्या, नाहीतर तो बरा नसला की तुम्हाला परत होतंच. माझं हेच चुकत होतं.

पण मला खरं पटलं ते समुपदेशक ताईंचं बोलणं. म्हणाल्या, ताई, तांबी दिवस राहू देत नाही, संबंधातून लागणारे रोग नाही अडवत. माला-डीच्या गोळ्या, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, अगदी ऑपरेशन केलेलं असलं तरी तेच. दोन्ही कामं करतो तो निरोधच, तोही दर वेळी आणि सुरुवातीपासून वापरला तर. एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया असल्या रोगांसाठी चांगला उपयोगी, पण गुप्तांगावरच्या हर्पिस किंवा चामखिळीसारखं जे झाकलेल्या भागाच्या बाहेरच्या कातडीला लागून पसरतं ते पूर्ण नाही थांबत, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. मग लाकडी मॉडेलवर निरोध चढवून दाखवला, टोक चिमटीत धरून हवा काढायची, आणि विचारलं, खोबरेल तेल लावता का? मी गप्पच, कारण आम्ही तेच लावायचो. तेलाने आणि व्हॅसलीनने रबर कमजोर होऊन फाटतो म्हणे! इतक्या वर्षांत हे एकाही माणसाने सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ह्यांना घेऊन गेले. आधी चिडले होते, पण ताई दार लावून त्यांच्याशी एकट्याशी बोलल्या, आणि ते स्वतःच टेबलावरची दोन पाकिटं खिशात टाकून बाहेर आले.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण बाहेरचा बाक भर वऱ्हांड्यात आहे, ओळखीचं कोणी बघेल म्हणून अर्ध्या बायका तिथूनच परत जातात, तिथे निदान पडदा तरी लावा. जायचं धाडसच होत नसेल तर १०९७ ह्या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत.