वर्णभेदी देशाशी खेळावे का: निर्णय सरकारचा की क्रीडा संघटनेचा?

वर्णभेद पाळणाऱ्या देशाशी खेळायचे की नाही हे सरकारने ठरवावे की क्रीडा संघटनांवर सोपवावे, याविषयी ज्यांना आपली भूमिका निश्चित करायची आहे, त्यांनी आधी न्यूझीलंडकडे पाहावे. तिथे एकाच खेळात, अवघ्या आठ वर्षांच्या अंतराने, दोन्ही मार्ग वापरून झाले.

1973 मध्ये पंतप्रधान नॉर्मन कर्क यांनी दक्षिण आफ्रिकेच्या स्प्रिंगबॉक रग्बी संघाचा दौरा थांबवला. आपण हस्तक्षेप करणार नाही असे त्यांनी निवडणुकीपूर्वी सांगितले होते. त्यामुळे शब्द फिरवल्याचा ठपका त्यांच्यावर आला. मात्र दौरा झाल्यास मोठा हिंसाचार होईल असा पोलिसांचा इशारा होता, शिवाय पुढच्या वर्षी क्राइस्टचर्चला भरणाऱ्या राष्ट्रकुल स्पर्धेवर बहिष्काराचे सावट होते. ती स्पर्धा पार पडली. 1975 मध्ये त्यांच्या मजूर पक्षाची सत्ता गेली.

नंतरचे पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांचे म्हणणे असे की, कोणाशी खेळावे हे खेळाडूंनी ठरवावे. 1976 मध्ये न्यूझीलंडचा रग्बी संघ ऑल ब्लॅक्स दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला आणि त्याच्या निषेधार्थ वीसहून अधिक देशांनी, त्यांत बहुतांश आफ्रिकी, माँट्रियल ऑलिंपिककडे पाठ फिरवली. वर्णभेदी देशाशी क्रीडासंबंध ठेवण्यापासून आपल्या संघटनांना परावृत्त करण्याचे वचन देणाऱ्या, राष्ट्रकुल देशांच्या 1977 च्या ग्लेनईगल्स करारात मल्डून सहभागी होते, तरीही 1981 चा स्प्रिंगबॉक दौरा त्यांनी होऊ दिला. त्या दौऱ्यात दीड लाखांवर लोक निदर्शनांत उतरले, सुमारे दीड हजार जणांवर खटले भरले गेले, आणि हॅमिल्टनचा सामना निदर्शक मैदानात घुसल्याने रद्द झाला. हे सामने पार पाडण्यासाठी सरकारलाच पोलीस रस्त्यावर आणावे लागले. म्हणून संघटनांवर सोपवणे म्हणजे तटस्थ राहणे, हा दावा मला मान्य होत नाही.

ब्रिटनने 1970 मध्ये मधला मार्ग काढला. गृहमंत्री जेम्स कॅलाहन यांनी विनंती केल्यावर क्रिकेट संघटनेने दक्षिण आफ्रिकेचे निमंत्रण मागे घेतले. पण विनंती न मानण्याची मुभाही असतेच: 1980 मध्ये सरकारचा सल्ला डावलून ब्रिटिश लायन्स रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेला गेला.

भारताची भूमिका यांत सर्वांत सुसंगत राहिली. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार 1946 मध्येच तोडलेला असल्याने खेळासाठी निराळा न्याय लावायचा प्रश्न नव्हता. दक्षिण आफ्रिकेशी संबंध ठेवणाऱ्या खेळाडूंना व्हिसा नाकारल्यामुळे 1988-89 चा इंग्लंडचा भारत दौरा रद्द झाला. याची किंमत आपल्याच खेळाडूंनीही मोजली. 1974 मध्ये पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून टेनिसपटू विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघाने डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली, पण समोर दक्षिण आफ्रिका असल्याने भारत खेळला नाही आणि चषक त्या संघाला पुढे चाल म्हणून मिळाला.

माझा कौल सरकारी बंदीच्या बाजूने आहे, परंतु ती दौरा ठरण्यापूर्वी आणि उघडपणे जाहीर झालेली असावी. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा 1974 चाच आहे, आणि तो हलका लेखू नये: त्यानंतर डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठायला भारताला 1987 पर्यंत थांबावे लागले.