नोकरीची हमी देणारा कोर्स आणि माझ्या नावावर निघालेले कर्ज

लातूरच्या बाजार समितीत एका भुसार आडतीवर मी अकरा वर्षांपासून दिवाणजी आहे. संगणकाचे कसलेही शिक्षण झालेले नसताना, रात्रीच्या जेवणानंतर मोबाईलवर पाठ पाहत आणि जुन्या लॅपटॉपवर ते करून बघत मी पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची संगणकीय भाषा शिकू लागलो. सोयाबीनच्या हंगामात एकेका शेतकऱ्याच्या चाळीस-पन्नास कट्ट्यांच्या वजनांची बेरीज करून, हमाली-तोलाई वजा करून हिशेबाची पट्टी तयार करणारा छोटा प्रोग्राम मी स्वतः लिहिला, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

एकट्याने शिकणाऱ्याला मात्र दोन गोष्टी सतत बोचतात. अडले तर विचारायला कोणी नसते, आणि शिकल्याचा कागद हाती नसतो. मला फसवणाऱ्यांनी नेमक्या याच दोन गोष्टी विकायला काढल्या होत्या. सहा महिन्यांत पायथन, प्रमाणपत्र आणि नोकरीची लेखी हमी, अशी त्यांची मराठीतली जाहिरात मोबाईलवर दिसली आणि मी माझा नंबर दिला. शुल्क ३०,००० रुपये होते. त्यातले २,००० आधी भरायचे आणि उरलेले २८,००० बारा बिनव्याजी हप्त्यांत, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, समोर पट्टीसाठी शेतकरी ताटकळत उभे असताना, क्लासकडच्या बाईंचा फोन आला. "दादा, तुमची सीट पक्की करायची आहे, आलेला ओटीपी तेवढा सांगा, आजच शेवटची तारीख आहे." संदेश इंग्रजीत होता. मी तो न वाचता त्यातले सहा आकडे वाचून दाखवले. त्याच संदेशात कर्ज हा शब्द होता, हे मला तीन महिन्यांनी कळले.

वर्ग जेमतेम तीन आठवडे चालले. आलेल्या नोट्समध्ये, पडद्यावर उत्तर दाखवायला लावणाऱ्या प्रिंट या शब्दापुढे कंस नव्हते. तसे लिहिले की माझ्या लॅपटॉपवर दर वेळी चूक दाखवली जाई आणि कंस टाकले की प्रोग्राम चाले. मी हे ग्रुपवर विचारले, तेव्हा तुमचा संगणक खराब आहे असे उत्तर आले. पुन्हा विचारल्यावर मला ग्रुपमधून काढून टाकण्यात आले. पुढे वाचनातून उलगडा झाला की कंसाविना प्रिंट ही पायथन २ ची पद्धत आहे आणि त्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे. शिकवणाऱ्याने स्वतः कधी पायथन उघडले होते की नाही, याचीच मला शंका आहे.

वर्ग बंद पडले, तरी खात्यातून दरमहा २,६५० रुपये कापले जातच राहिले. बँकेत चौकशी केल्यावर समजले की माझ्या ओटीपीवर एका वित्तसंस्थेने माझ्या नावे २८,००० रुपयांचे कर्ज मंजूर करून रक्कम पहिल्याच दिवशी क्लासच्या खात्यात जमा केली होती. बारा हप्त्यांचे होतात ३१,८०० रुपये, म्हणजे बिनव्याजी हा शब्दही खोटाच होता. कर्जाचा खरा खर्च सांगणारे विवरण कर्जदाराला आधी मिळाले पाहिजे आणि ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता आले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा डिजिटल कर्जांबाबतचा २०२२ पासूनचा नियम आहे. हे मला त्याच आठवड्यात ठाऊक असते, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

सर्वांत जास्त मनाला लागते ते हे, की पायथन स्वतः मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर अनेक पाठ मराठी आवाजात फुकट मिळतात. केंद्र सरकारच्या स्वयम् या संकेतस्थळावरही शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र हवे असेल तर तेवढे परीक्षेचे शुल्क भरावे लागते.

मी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि वित्तसंस्थेलाही लेखी कळवले. ओटीपी म्हणजेच तुमची संमती, एवढेच त्यांचे उत्तर आले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे अर्ज केला आहे, त्याचा निकाल अजून आलेला नाही. तोवर दर महिन्याच्या पाच तारखेला मी हप्ता भरतो आहे, कारण खरिपाच्या पीककर्जासाठी जूनमध्ये मलाच बँकेत जायचे आहे आणि तिथे आधी सिबिल, म्हणजे जुनी कर्जे वेळेवर फेडल्याची नोंद, पाहिले जाते.