मोकळ्या माळासाठी दुर्बीण : निकॉन मोनार्क एम५, ८×४२

दुर्बीण घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती लांबचे दिसते?’ हा, आणि फसगतीला सुरुवात तिथूनच होते. काही वर्षांपूर्वी मीही हेच विचारले होते आणि ‘१० ते ३० पट झूम’ असे ठसठशीत छापलेली, पुढच्या भिंगांवर लालभडक मुलामा असलेली एक दुर्बीण मोठ्या हौसेने घरी आणली होती. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या वाऱ्यात तीस पटीवर तिच्यातून गवताची थरथर तेवढी दिसे आणि पंधरा पटींच्या पुढे चित्र काळवंडत जाई. राधानगरीच्या पावसात एक दिवस काढल्यावर तिने आतून धुके धरले, आणि ते विरले तेव्हा लोलकावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी उमटलेली होती.

मोकळ्या प्रदेशासाठी दुर्बीण कशी निवडावी याविषयी जो सल्ला वाचायला मिळतो तो बहुतांशी परदेशी शिकाऱ्यांचा असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपला. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार केली जात असे, हे आता सांगण्यापुरतेच उरले आहे, आणि दाजीपूरचे जुने शिकारीचे रान आज गव्यांचे अभयारण्य आहे. तरीही शिकाऱ्याचा अनुभव टाकून देण्यासारखा नाही, कारण पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अपुऱ्या उजेडात, दूरवरच्या गवतातून मातकट रंगाचे जनावर वेगळे काढणे हे त्याचे काम आणि आपलेही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील उघड्या मुलखात १०×४२ ला, म्हणजे दहा पट मोठे दाखवणाऱ्या आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचे असलेल्या दुर्बिणीला, पसंती असते. जर्मन शिकारी मचाणावरून रात्री पाहण्यासाठी ८×५६ सारखी जड दुर्बीण वापरतात. या आकड्यांमागचे गणित सोपे आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते : ८×५६ मध्ये ७ मिलिमीटर, ८×४२ मध्ये सव्वापाच, तर १०×४२ मध्ये ४.२. भर उन्हात हा फरक जाणवतही नाही, कारण बाहुलीच लहान झालेली असते. दिवेलागणीला मात्र तो चांगलाच जाणवतो.

मी दोन्ही मोनार्क, म्हणजे ८×४२ आणि १०×४२, दुकानाच्या पायरीवर उभा राहून पाहिल्या आणि आठ पटींची घेतली. दहा पटींत समोरच्या गल्लीतली पाटी जरा मोठी दिसली हे खरे, पण माळावर वारा असतो, चढ चढून आल्यावर छातीचा भाता चालू असतो आणि हाताची थरथरही तितक्याच पटींनी वाढते. एप्रिलमध्ये दहा वाजल्यानंतर जांभ्याचा कातळ तापून हवा लहरू लागते, तेव्हा जास्त पटींतून ती लहरच मोठी होऊन दिसते. शिवाय १००० मीटरवर आठ पटींतून ११२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर दहा पटींतून ९८ मीटरचा. गवतावरून खालून खालून तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी डोळ्यांत पकडायचा असेल तर ही चौदा मीटरची सवलत मोलाची ठरते.

मला चष्मा आहे, म्हणून नेत्रभिंगापासून डोळा किती लांब ठेवता येतो हे मी आधी पाहिले. इथे ते अंतर १९.५ मिलिमीटर आहे. आयकप, म्हणजे डोळ्याशी टेकणारे कडे, पूर्ण आत फिरवला की चष्म्यासकट संपूर्ण वर्तुळ दिसते. जुन्या दुर्बिणीत मला किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखे वाटे. आत नायट्रोजन भरलेला असल्याने पावसात आतून धुके धरत नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवरच्या विजेच्या तारेकडे पाहिले की हलक्या प्रतीच्या भिंगांत तिला जांभळी-हिरवी किनार येते; ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या, काचेमुळे इथे ती मध्यभागी जवळजवळ नाही, कडेला किंचित आहे. वजन ६३० ग्रॅम आहे, तरी सोबतचा पट्टा बाजूला ठेवून मी रुंद पट्टा लावला आहे.

सुट्टीच्या एका सकाळी पठारावर गुरे राखणाऱ्या एका मामांच्या हातात दुर्बीण दिली. दोन्ही नळ्या त्यांच्या डोळ्यांच्या अंतरावर आणून, उजव्या डोळ्याचा नंबर जुळवून मी फोकसचे चाक दाखवले. पलीकडच्या टेपावरच्या आपल्या बैलाकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, “अवो, औंदाच्या बेंदराला लावल्याला हिंगूळबी दिसतोय की शिंगावर!” मला तोवर तो बैल आहे एवढेच कळले होते.

तक्रारीला जागा नाही असे नाही. याच कंपनीच्या बऱ्याच स्वस्त अॅक्युलॉन ए२११, ८×४२ मध्ये दृश्याचा कोन ८ अंशांचा आहे आणि इथे ६.४ अंशांचा, हे पैसे मोजणाऱ्याला खटकणारच. अॅक्युलॉन जड आहे आणि पाण्यापासून सुरक्षित नाही. पण दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांतच बाहेर पडणाऱ्याने तिचाच विचार करावा. रंकाळ्याच्या काठावर तिपाई रोवून एका जागी बसणाऱ्याला १०×४२ अधिक सोयीची.

घेताना एक चाचणी जरूर करावी. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाच्या दिशेने नेत्रभिंगात पाहावे. तिथला प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल असावा, कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर ती खाली ठेवावी. आणि घरी आणल्यावर, जून ते सप्टेंबर तिला रेक्झिनच्या पिशवीत कपाटात कोंडू नये. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पंधरा दिवसांनी पुड्या बदलतो.