विंडसर्फिंगला हेल्मेट की उघडं डोकं? दोन्ही वापरून झाल्यावर

गोव्यात मिरामार, करंझाळे, दोनापावला ह्या पट्ट्यात विंडसर्फिंग (शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्यावर जाणं) करणारे बघितलेत तर बहुतेक जण टोपी घालून नाहीतर उघड्या डोक्यानेच पाण्यात जाताना दिसतात, हेल्मेटवाला एखादाच. त्यामुळे नवीन शिकणाऱ्याला वाटतं की गरज नसेल म्हणूनच कोणी घालत नसेल. मग दुसऱ्या कोणाकडून ऐकायला मिळतं की मास्ट, म्हणजे शिडाचा उभा दांडा, डोक्यात बसला आणि टाके पडले, आणि परत गोंधळ. मी दोन्ही प्रकारे बरेच सीझन काढलेत म्हणून जे जाणवलं ते लिहितोय. तुमचा बोर्ड वेगळा, तुमची जागा वेगळी, उत्तरही वेगळं येऊ शकतं, तेवढं धरून वाचा.

आधी उघड्या डोक्याची बाजू घेतो कारण ती अजिबात लंगडी नाहीये. सगळ्यात मोठा मुद्दा कानाचा. गस्ट, म्हणजे वाऱ्याचा जोराचा झोत, येताना समोरून असेल तर पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसतो, पण तुमची नजर कायम तिकडे नसते, बराचसा वारा आपल्याला कानाने आणि मानेवरच्या कातडीने कळतो. दोन्ही कानांत सारखा आवाज आला की तोंड वाऱ्याकडे आहे, एका कानात जास्त भरला की वारा फिरलाय, हे शिकवायला लागत नाही, होऊन जातं. कान झाकणारं हेल्मेट घातलं की हे सगळं मंदावतं. वर त्या कानाच्या पॅडच्या भोकातून वारा असा काही शिट्टी मारतो की 10 नॉटचा (नॉट म्हणजे वाऱ्याचा वेग मोजायचं एकक) वारा 20 चा वाटायला लागतो आणि तुम्ही उगीच सेल (शीड) सोडता. शिवाय सीझनला जेट-स्की असतात, होड्या असतात, मागून काय येतंय ते ऐकू येणं ही सुद्धा सुरक्षाच आहे, आणि हे बोलणाऱ्याला मी कधीच खोटं पाडणार नाही.

दुसरा मुद्दा उकाड्याचा, जो सगळे सगळ्यात आधी सांगतात आणि मला स्वतःला तो सगळ्यात कमी पटलाय. एप्रिल-मेमध्ये गोव्यात डोक्यावर प्लास्टिकचं टोपलं नकोसं वाटणारच, पण उकडतं ते किनाऱ्यावर, खारा वारा धरायची वाट बघत उभे असता तेव्हा. एकदा पाण्यात गेलात की दर पाच-दहा मिनिटांनी पडणं आहेच, डोकं भिजतं, भोकांमधून वारा खेळतो, आणि उकाडा विसरायला होतो. किनाऱ्यावर काढून हातात धरा, पाण्यात शिरताना घाला, विषय संपला. उलट ऊन हा मुद्दा हेल्मेटच्या बाजूने जातो असं मला वाटतं, कारण उघड्या डोक्याने दुपारी 2 ते 5 कोणी राहत नाही, टोपी लागतेच, आणि टोपी पडताना दरवेळी उलटते, तिची ओली कड डोळ्यांवर चिकटते, नेमकं तेव्हाच जेव्हा सेल कुठे पडतोय ते बघायला हवं. केस विरळ असतील तर मात्र हेल्मेटच्या भोकांचे ठिपके टाळूवर भाजून निघतात, खाली पातळ बफ किंवा लायक्राची टोपी घाला.

आता मार कुठून कुठून बसतो ते, कारण ह्यावरच बाकी सगळं अवलंबून आहे. लोकांना भीती असते ती कॅटापल्टची, म्हणजे हार्नेसमध्ये (कमरेचा पट्टा, ज्याने आपण सेलला अडकतो) अडकलेले असताना जोराचा गस्ट येतो, सेल पुढे फेकला जातो आणि त्याच्याबरोबर तुम्ही पण, डोकं नाहीतर खांदा मास्टवर किंवा बोर्डच्या नाकावर. हे होतं, पण त्याला वारा लागतो, बोर्ड प्लेनिंगला, म्हणजे पाण्यावरून घसरत वेगात जायला, यावा लागतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीत दुपारचा वारा बऱ्याचदा इतका बेताचा असतो की हार्नेस नुसता कमरेला बांधून फिरतो आपण. फेब्रुवारीनंतर मे संपेपर्यंत वायव्येचा वारा जरा दमाचा होतो, तेव्हा कॅटापल्टचा हिशोब धरायचा.

आपल्याकडचा खरा मार उलट्या बाजूचा आहे. गस्ट संपल्याचा. तुम्ही मागे झुकून वजन दिलेलं असतं, वारा एकदम गळतो, सेलमधली ओढ जाते, आणि तुम्ही पाठीवर पाण्यात, वरून मास्ट आणि बूम (सेल धरायचा आडवा पाइप) तुमच्या अंगावर. वायंगिणीसारख्या ठिकाणी हे फार, कारण वायव्येचा वारा दोनापावलाच्या उंचवट्यावरून उतरतो आणि किनाऱ्याजवळ त्याला मध्येमध्ये भोकं असतात, दहा मीटरवर वारा आहे, पुढच्या पाच मीटरवर काही नाही. बाहेर झुआरीच्या मोकळ्या पाण्यात गेलात की तोच वारा एकसारखा लागतो, पण शिकणारा माणूस बाहेर जात नाही, तो किनाऱ्याजवळच्या ह्या भोकांमध्येच दिवस घालवतो. म्हणजे ज्याला सेल ढकलून बाजूला पाडायचं अजून जमत नाही त्याच्याच डोक्यावर ती जास्त वेळा येते.

ह्यातूनच माझा निर्णय झाला, आणि कारण ऐकायला छोटं वाटेल. मला कधी मोठी जखम झाली नाही. पण बूमचा पाइप कपाळाला घासून जाणं, मास्ट टाळूवर टेकणं असे बारीकसारीक टोले बसत राहिले की शरीर आपोआप दचकायला शिकतं. वारा जरा हलका झाला, ओढ कमी झाली, की माझे डोळे मिटायचे आणि मागचा हात बूमवरून सुटून डोक्याकडे यायचा. मी ठरवून करत नव्हतो, व्हायचंच. आणि विंडसर्फिंगमध्ये त्याच क्षणी हात बूमवर असायला हवेत, कारण वारा गळल्यावर करायचं काय तर गुडघे वाकवून वजन बोर्डवर घ्यायचं, सेल जरा आत ओढायची, पुढच्या गस्टपर्यंत तग धरायची. हात सुटला की पडणं नक्की. पुढच्या बाजूला पडतानाही तेच, सगळे शिक्षक बोंबलून सांगतात की बूम सोडू नका, बूम धरून ठेवलीत तर तुमच्यात आणि मास्टमध्ये अंतर राहतं, सोडलीत तर तुम्ही मोकळे उडून मास्टवरच जाता. हे डोक्याला माहीत असतं, हाताला नसतं. जाईब (वारा पाठीवर घेऊन दिशा बदलणं) शिकताना तर ह्या दचकण्याने वैताग आणला, कारण जाईबमध्ये एक क्षण असा येतोच की सेलमध्ये काही ओढ नाही आणि मास्ट तोंडासमोरून फिरतोय, आणि त्याच क्षणी मी डोळे मिटणार असेन तर ती जाईब होणार कशी?

हेल्मेट घातल्यावर पहिल्या दिवशीच दचकणं गेलं असं नाही म्हणणार, पण हळूहळू गेलं. टोला बसला की टक्क असा आवाज येतो, दुखत नाही, आणि थोड्या दिवसांनी शरीर त्याची दखल घेणं बंद करतं. डोळे उघडे राहायला लागले, मग सेल कुठे पडतेय ते दिसायला लागलं, मग ती बाजूला ढकलता यायला लागली, आणि गंमत म्हणजे टोलेच कमी झाले. हे मी मोजलेलं नाही, माझ्यापुरतं सांगतोय. माझ्याबरोबर शिकलेला म्हापशाचा एक मित्र आजही उघड्या डोक्याने जातो आणि माझ्यापेक्षा सुंदर जाईब मारतो, त्याला हे दचकणं कधी आलंच नाही. तसं असेल तर माझं हे कारण तुम्हाला लागू होत नाही.

पण मग एक दुसरी गोष्ट बघा जी त्यालाही लागू होते. जमिनीवर डोक्याला लागून दहा-पंधरा सेकंद घेरी आली तर आपण खाली बसतो, कोणीतरी पाणी देतं. पाण्यात ते दहा-पंधरा सेकंद तोंड कुठे आहे ह्यावर सगळं आहे. आपण जे बॉयन्सी वेस्ट, म्हणजे तरंगायचं जॅकेट, घालतो ना, ते 50 न्यूटनवालं, ते तुम्हाला तरंगवतं पण बेशुद्ध माणसाला उलटं करून तोंड वर आणण्यासाठी ते बनवलेलंच नाही, ते शुद्धीत असलेल्या पोहता येणाऱ्या माणसासाठी आहे. वेस्ट घातलंय म्हणजे झालं असं धरून चालणारे बरेच भेटतात म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि ओहोटीला दोनापावलाच्या बाजूला खडक उघडे पडतात, काळे आणि जांभ्याचे, त्यावर कालवं चिकटलेली, पाण्याखाली हातभर असले तरी दिसत नाहीत. पाय कापतात हे सगळ्यांना माहितीये, डोकंही तिथेच जाऊ शकतं. एका रांपणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्या) काकांनी मला तिथून जाताना बघून किनाऱ्यावरून ओरडून सांगितलेलं, "बाबा, तकली सांबाळ, सकयल फातर आसा!" (डोकं सांभाळ, खाली दगड आहेत) ते रोज तिथेच असतात, त्यांचं ऐकावं.

हेल्मेट काय करत नाही तेही सांगायला हवं. नाक आणि दात वाचत नाहीत, बूम तोंडावर आली तर आली. कवटीला मार आणि कातडी फाटणं ह्यात फरक पडतो, पण आत मेंदूला बसणारा हिसका पूर्ण थांबत नाही, तेव्हा हेल्मेट आहे म्हणून डोकं दुखत असताना परत पाण्यात जाऊ नका. कमरेएवढ्या पाण्यात डोक्यावर पडलात तर मान जाते, तिथे हेल्मेट काही करत नाही, आडवं पडायलाच शिकावं लागतं. आणि ढगळ हेल्मेट असेल तर वेगात पडताना त्यात पाणी भरून मानेला झटका बसतो, ही तक्रार अगदी खरी आहे, म्हणून बसणं घट्ट हवं. पट्टा न लावता खाली वाकून डोकं हलवा, जागचं सरकलं तर एक साइझ लहान घ्या. पुढे कडक छज्जा असलेलं घेऊ नका, त्यात सगळ्यात आधी पाणी अडकतं.

कानाचं काय केलं? माझ्या हेल्मेटचे कानाचे पॅड निघणारे आहेत, मी ते काढून टाकलेत. वारा परत ऐकू येतो, जेट-स्की ऐकू येते, शिट्टी बंद झाली. ह्याने उघड्या डोक्याच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा माझ्यासाठी तरी बराचसा निकालात निघाला. त्याची किंमत एवढीच की वेगात कानावर आपटलात तर पडद्याला मार बसू शकतो, तेव्हा मार्च-एप्रिलच्या जोरदार दिवशी, हार्नेस आणि फूटस्ट्रॅप (बोर्डवरचे पाय अडकवायचे पट्टे) दोन्ही वापरणार असाल तर पॅड परत लावलेले बरे. मी स्वतः लावतो.

घ्यायचंच ठरवलंत तर कयाकिंगचं मिळतं ते चालतं, आत EN 1385 असा छाप असलेलं बघा, ते कयाकिंगसारख्या पाण्यातल्या खेळांच्या हेल्मेटचं मानक आहे. आतला फोम पाणी न पिणारा असतो आणि पुन्हा पुन्हा टोले खाऊ शकतो. सायकलचं हेल्मेट घरात पडलंय म्हणून तेच वापरू का असं बरेच जण विचारतात. त्याचा फोम एका मोठ्या धक्क्यासाठी असतो, दाबला गेला की परत पूर्ववत होत नाही, आणि रोजच्या बारीक टोल्यांनी तो कधी कामातून गेला ते बाहेरून कळत नाही. स्कूटरचं तर चुकूनही नको, पाणी भरलं की मानेला लोढणं होतं. रिव्हेट आणि बक्कल स्टीलचे असले तरी खारं पाणी सोडत नाही, दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, आणि पावसाळ्यात चार महिने बंद कपाटात ठेवू नका, आतल्या पॅडला बुरशी धरते आणि तो वास नंतर जात नाही.

मोठा जाडा बोर्ड, 6-7 नॉट वारा, छातीभर पाणी, वारा एकसारखा, आणि बरोबर बघणारा माणूस असेल तर टोपीवर गेलात म्हणून मी काही म्हणणार नाही, मीही अशा दिवशी कधीतरी जातो. मुलांना मात्र तेवढ्यातही घालाच, त्यांच्या उंचीला बूम नेमकी डोक्याशी येते. आणि फॉइल (बोर्डला पाण्यावर उचलणारे खालचे पंख) असेल तर माझ्याकडे दुसरी बाजूच नाही. पॅरिस 2024 ला ऑलिम्पिकचं विंडसर्फिंगच फॉइलवर गेलं, त्यामुळे आपल्याकडेही पोरं त्याच्या मागे लागणारच, पण त्या बोर्डखाली 95 सेंटिमीटरचा दांडा आणि त्याला पंख असतात, कडा धारदार, तुम्ही वरून पडता आणि बोर्ड आडवा झाला की ते पंख तुमच्या उंचीला येतात. तिथे हेल्मेट घालायचं, कानाच्या पॅडसकट.

पहिल्यांदा घालाल ते भर वाऱ्याच्या दिवशी घालू नका. सकाळची मतलई पडलेली असते आणि खारा वारा अजून धरलेला नसतो, त्या मधल्या वेळात करंझाळ्याला छातीभर पाण्यात जा, दोन-चार वेळा मुद्दाम पाठीवर आणि कुशीवर पडून बघा. पट्टा गळ्याला कुठे खेचतो, हेल्मेट मागे सरकून कपाळ उघडं पडतंय का, ते तिथेच कळतं, आणि तिथेच उभ्या उभ्या पट्टा नीट करून घेता येतो.